कोरोना विषाणूच्या आरएनए-घड्यांतली उत्परिवर्तनं : पहिल्यांदा वाचणाऱ्यासाठी

२०२१ मध्ये डेल्टाची लाट आली तेव्हा वर्तमानपत्रांत एल४५२आर आणि पी६८१आर ही नावं रोज दिसत होती. दोन्ही बदल काटेरी प्रथिनातले, म्हणजे स्पाइकमधले. त्याच डेल्टाच्या जीनोममध्ये अगदी शेपटीकडे, २९,७४२ व्या जागी, एका ‘जी’चा ‘यू’ झाला होता. त्या जागी कुठलंच प्रथिन बनत नाही, त्यामुळे त्या बदलाची बातमीही झाली नाही. पण तो ज्या ४१ अक्षरांच्या घडीत झाला, ती घडी २००३ च्या सार्स विषाणूत सापडते, कोंबड्यांना ब्राँकायटिस करणाऱ्या विषाणूत सापडते आणि कोरोनाच्या घराण्यातही नसलेल्या ॲस्ट्रोव्हायरसमध्येही सापडते. इतक्या दूरदूरच्या विषाणूंनी जपून ठेवलेल्या घडीत महाराष्ट्रभर पसरलेल्या विषाणूचं एक अक्षर बदललं होतं. मला या विषयाची ओढ लागली ती तिथून.

हा लेख सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे. डीएनए-आरएनए म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, पण ‘या बदलाचा अर्थ काय’ असं कुणी विचारलं की कुठून सुरुवात करायची ते कळत नाही, असं मी धरून चालतो. प्रयोगशाळा लागणार नाही. लॅपटॉप, इंटरनेट, चौकटीची वही आणि पेन्सिल एवढं पुरे. वही खरोखर घ्या. ती पुढे लागणार आहे.

सुरुवातीला चार शब्द

आरएनए हा एकेरी धागा. तो स्वतःवरच दुमडतो आणि अक्षरं समोरासमोर येऊन जोड्या लावतात : जी-सी, ए-यू आणि थोडी सैल अशी जी-यू. जोड्या लागलेल्या भागाला मी दांडा म्हणेन आणि टोकाला मोकळ्या राहिलेल्या भागाला फास. दांडा आणि फास मिळून एक घडी. फासातली अक्षरं बाहेरच्या धाग्याशी जोडी लावायला गेली की गाठ पडते, तिला सूडोनॉट म्हणतात. जी घडी नात्यातल्या अनेक विषाणूंमध्ये तशीच राहिलेली दिसते ती जपलेली, पुस्तकी शब्दात संरक्षित.

एक गोष्ट आत्ताच मनात घट्ट बसवा. घडी जपली जाते तेव्हा अक्षरं जपली जातीलच असं नाही. जी-सी जोडीची ए-यू झाली तर दोन अक्षरं बदलली, पण दांडा तसाच राहिला. अक्षरं बदलूनही जोडी टिकलेली दिसली की ती घडी विषाणूला हवी असल्याचा भक्कम पुरावा मिळतो. नवखा वाचक फक्त ‘किती टक्के अक्षरं सारखी’ एवढंच मोजतो आणि हा पुरावा त्याच्या हातून निसटतो.

पहिली पायरी : पत्ते लिहून घ्या

सगळी मोजणी संदर्भ जीनोमवरून होते. सार्स-कोव्ह-२ साठी तो आहे वुहान-हू-१, एनसीबीआय या अमेरिकी संग्रहातला क्रमांक एनसी_०४५५१२.२, लांबी २९,९०३ अक्षरं. तो उतरवून घ्या. फाइलमध्ये यू ऐवजी टी लिहिलेला असतो, म्हणून बदलांच्या नावांतही टी येतो : सी२४१टी म्हणजे २४१ व्या जागी सी चा टी, आरएनएमध्ये यू.

वहीच्या पहिल्या पानावर हे पत्ते उतरवा.

१ ते २६५ : पुढचा अननुवादित भाग, म्हणजे ज्यातून प्रथिन बनत नाही तो. यात ७ ते ३३ पहिली घडी, ४५ ते ५९ दुसरी, ६१ ते ७५ तिसरी. तिसरीच्या शेवटी ७० ते ७५ वर ए-सी-जी-ए-ए-सी ही सहा अक्षरं. विषाणू आपले छोटे आरएनए बनवताना याच खुणेवर उडी मारतो. चौथी इथे लागणार नाही. सुमारे १५० पासून २९४ पर्यंत पाचवी, मोठी, फांद्या फुटलेली घडी.

१३,४६२ ते १३,५४२ च्या आसपास : चौकट सरकवणारा भाग. प्रथिन बनवताना अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचली जातात, ती गटवारी म्हणजे चौकट.

२९,६७५ ते २९,९०३ : मागचा अननुवादित भाग. यात २९,७२८ ते २९,७६८ वर एस२एम, म्हणजे वर सांगितलेली ४१ अक्षरांची घडी. २९,७९४ ते २९,८०१ वर जी-जी-ए-ए-जी-ए-जी-सी ही आठ अक्षरं, जी कोरोना घराण्यात जवळजवळ सगळीकडे आहेत.

पाचव्या घडीचा पत्ता पुन्हा पाहा. प्रथिनाची सुरुवात २६६ वर होते आणि घडी २९४ पर्यंत जाते. म्हणजे ‘अननुवादित भाग’ ही हद्द आपण कागदावर आखलेली आहे, आरएनए ती पाळत नाही. प्रथिनात कुठलाही बदल न करणारं, म्हणजे ‘मूक’ म्हणून बाजूला टाकलेलं एखादं उत्परिवर्तन या पट्ट्यात असलं तर ते घडीपुरतं मूक नसेल.

आरएफॅम या संग्रहात या घड्यांची कुटुंबं आधीच मांडलेली आहेत. आरएफ००१६४ ही एस२एमची नोंद, आरएफ००५०७ चौकट सरकवणाऱ्या भागाची. तिथली संरेखनं, म्हणजे एकाखाली एक जुळवून मांडलेले अनुक्रम, उघडून नुसती डोळ्यांखालून घाला. कुठली अक्षरं हलतात आणि कुठली हलत नाहीत हे डोळ्यांना सवयीचं झालं की निम्मं काम झालं.

दुसरी पायरी : अनुक्रम आणा, पण थोडेच

हजारो जीनोम एकदम उतरवायचा मोह आवरा. पहिल्यांदा वीस-पंचवीस पुरेत : संदर्भ जीनोम, २००३ चा सार्स, वटवाघळांमधले दोन-चार नातलग, काही डेल्टा, काही ओमिक्रॉन बीए.१ आणि काही बीए.२. एनसीबीआय व्हायरसवर हे मोफत मिळतात. जिसेड या दुसऱ्या संग्रहात भारतातले नमुने जास्त आहेत, पण तिथे नोंदणी करावी लागते आणि त्यांच्या वापराच्या अटी नीट वाचाव्या लागतात.

सार्स-कोव्ह-२ च्या नमुन्यांसाठी नेक्स्टक्लेड वापरा. ते ब्राउझरमध्येच चालतं आणि तुमचे अनुक्रम तुमच्या संगणकाबाहेर जात नाहीत. संदर्भाशी तुलना करून कुठलं अक्षर बदललं, कुठलं गळलं आणि कुठे वाचनच झालेलं नाही, हे तिन्ही ते वेगवेगळं दाखवतं. दूरच्या नातलगांसाठी माफ्ट हे अनुक्रम जुळवणारं साधन घ्या. माफ्टमध्ये ‘संदर्भाची लांबी कायम ठेवा’ असा पर्याय आहे. त्यामुळे जागांचे क्रमांक हलत नाहीत, पण नमुन्यात जास्तीची अक्षरं घुसली असतील तर ती गुपचूप टाकली जातात. म्हणून घुसखोरी शोधायची असेल तेव्हा तो पर्याय बंद ठेवून एकदा वेगळं पाहा.

तिसरी पायरी : बदल खरा आहे का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या पायऱ्या पुस्तकांत सापडतात, ही सवयीने येते.

जीनोमची दोन टोकं वाचायला अवघड असतात, आणि जपलेल्या घड्यांपैकी बऱ्याच नेमक्या टोकांनाच आहेत. महामारीत सर्वाधिक चाललेल्या, आर्टिक नावाच्या जीनोम वाचण्याच्या पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत जीनोम ९८ तुकड्यांत वाढवला जायचा. पहिल्या तुकड्याचा प्रायमर ३० ते ५४ वर बसतो. प्रायमर ही आपण बाहेरून टाकलेली अक्षरं, ती विषाणूची नव्हेत, म्हणून विश्लेषणात कापून टाकतात. मग खरं वाचन सुरू होतं ५५ पासून. आता वहीतले पत्ते पाहा : पहिली घडी ७ ते ३३. म्हणजे या पद्धतीने वाचलेल्या नमुन्यांत पहिली घडी वाचलेलीच नसते!

याचा परिणाम गंभीर आहे. कुणी असंख्य जीनोम मोजून म्हणालं, ‘पहिल्या घडीत जवळजवळ बदलच नाहीत, म्हणजे ती किती जपलेली’, तर आधी विचारा की किती जीनोममध्ये ती जागा प्रत्यक्ष वाचली गेली होती. न वाचलेल्या जागी ‘एन’ लिहायचा असतो. काही विश्लेषणांत तिथे संदर्भाचंच अक्षर भरलेलं असतं आणि कोरा कागद शुद्धलेखनासारखा दिसतो. डी मायो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्येच पहिली ५५ आणि शेवटची १०० अक्षरं वंशवृक्ष काढताना झाकून ठेवा असं सुचवलं होतं, ते टोकांच्या याच अविश्वासामुळे. वंशवृक्षासाठी तो सल्ला योग्यच आहे. आपल्याला मात्र टोकंच पाहायची आहेत, त्यामुळे आपल्याला नमुने निवडून घ्यावे लागतात : टोकांपर्यंत खरोखर पोहोचणाऱ्या पद्धतीने वाचलेले.

एस२एम झाकलेल्या पट्ट्यात येत नाही, ही चांगली गोष्ट. पण त्या आवृत्तीत ते फक्त शेवटच्या, अठ्ठ्याण्णवाव्या तुकड्यात येतं. शेजारचा तुकडा त्याच्या आधीच संपतो. तो एक तुकडा नीट वाढला नाही तर दुसरा साक्षीदार नाही.

कच्चं वाचन, म्हणजे यंत्राने वाचलेले मूळ छोटे तुकडे, मिळत असेल तर ते आयजीव्ही या ते तुकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तीन गोष्टी पाहा. त्या जागेवर निदान वीसेक वाचनं आहेत का. बदल दोन्ही दिशांच्या वाचनांत दिसतो का, की एकाच. आणि बदललेलं अक्षर वाचनाच्या अगदी टोकाला किंवा प्रायमरच्या जागी तर नाही ना. कच्चं वाचन मिळत नसेल, आणि बहुतेकदा मिळत नाहीच, तर तोच बदल वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी नोंदवला आहे का ते पाहा. एकाच प्रयोगशाळेच्या एकाच आठवड्यातल्या नमुन्यांत अचानक उगवलेला बदल मी कधीच लगेच खरा मानत नाही.

गळालेल्या अक्षरांसाठी आणखी एक तपासणी. पुनरावृत्ती असलेल्या भागात गळती नेमकी कुठून सुरू झाली हे ठरवता येत नाही. एका अक्षराने डावीकडे सरकवली तरी उरलेला अनुक्रम तोच राहतो. मग दोन जण एकाच गळतीला दोन पत्ते देतात. गळालेल्या भागाचं शेवटचं अक्षर आणि त्याच्या आधीचं, न गळालेलं अक्षर सारखं असेल तर ती डावीकडे सरकू शकते. तसंच उजवीकडे. हे हाताने पाहायला अर्धं मिनिट लागतं.

चौथी पायरी : वही उघडा, जोड्या स्वतः लावा

आता एस२एम. एका चौकटीत एक अक्षर असं लिहा. सोयीसाठी पाच-पाचचे गट दिले आहेत :

यूयूसीएसी – सीजीएजीजी – सीसीएसीजी – सीजीजीएजी – यूएसीजीए – यूसीजीएजी – यूजीयूएसी – एजीयूजीए – ए

४१ भरली का मोजा. पहिलं अक्षर म्हणजे जीनोममधलं २९,७२८, म्हणून घडीतल्या क्रमांकात २९,७२७ मिळवले की जीनोमचा पत्ता मिळतो. डेल्टातला बदल २९,७४२ वर, म्हणजे घडीतलं १५ वं अक्षर. मोजून पाहा, जी आहे.

आता दोन्ही टोकं समोरासमोर आणा. १ यू ४१ ए शी, २ यू ४० ए शी, ३ सी ३९ जी शी, ४ ए ३८ यू शी, ५ सी ३७ जी शी. पाच जोड्या सलग लागल्या. हा दांड्याचा तळ.

२००३ च्या सार्समध्ये हीच घडी जवळजवळ अशीच होती, फक्त दोन ठिकाणी फरक : ५ व्या जागी यू होता आणि ३१ व्या जागी जी. पाचव्या जागेची जोडी ३७ व्या जी शी. यू असताना ती यू-जी अशी सैल जोडी होती, सी आल्यावर पक्की सी-जी झाली. अक्षर बदललं, जोडी टिकली, उलट घट्ट झाली. सुरुवातीला म्हटलं ते इथे तुमच्या पेन्सिलीखाली घडतंय.

दिशेकडेही लक्ष असू द्या. सार्स-कोव्ह-२ मध्ये सी चा यू होणं फार वारंवार दिसतं. आपल्याच पेशींतली एपोबेक नावाची विकरं (एन्झाइम) आरएनएवर हात फिरवतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. जी-सी जोडीतल्या सी चा यू झाला तर जी-यू उरते, म्हणजे दांडा सैल होतो पण लगेच तुटत नाही. त्याच जोडीतल्या जी चा यू झाला तर समोरासमोर यू आणि सी येतात आणि जोडी तुटते. म्हणून ‘दांड्यात एक बदल’ एवढं लिहून थांबू नका. कुठल्या अक्षराचं काय झालं आणि समोर कोण होतं ते लिहा.

आता मोठी गोष्ट. ओमिक्रॉनच्या बीए.२ शाखेत २९,७३४ ते २९,७५९ ही २६ अक्षरं गळालेली आहेत. घडीतल्या क्रमांकात ७ ते ३२. वहीत त्या चौकटींवर पेन्सिलीने आडवी रेघ मारा. आधी सरकण्याची तपासणी : ६ वं सी, ३२ वं जी, वेगळी. ७ वं जी, ३३ वं यू, वेगळी. म्हणजे ही गळती सरकत नाही, तिचा पत्ता एकच. आता उरलेली अक्षरं जोडून लिहा :

यूयूसीएसी – सीयूएसीए – जीयूजीएए

पहिली पाच आणि शेवटची पाच एकमेकांच्या जोड्या आहेत, त्याच जोड्या ज्या तुम्ही मघाशी लावल्यात. मधली पाच फास. ४१ अक्षरांची, वळण घेणारी घडी गेली आणि तिच्या तळाच्या पाच जोड्यांवर एक छोटी घडी कागदावर उरली. हे मी पहिल्यांदा स्वतः लिहून पाहिलं तेव्हा बराच वेळ त्या पानाकडे बघत बसलो होतो. विषाणूने मुद्दाम असं केलं असं म्हणण्याचा मोह होतो. म्हणू नका. पण ही गळती गोंधळ न घालता का खपून गेली याचा एक धागा इथे असू शकतो, एवढं म्हणायला हरकत नाही.

पाचवी पायरी : यंत्राकडून घडी घालून घ्या, आणि यंत्रावर थोडा संशय ठेवा

व्हिएन्ना विद्यापीठाचं आरएनएफोल्ड वेबवर चालतं. ४१ अक्षरं घाला, मग १५ व्या जागी यू करून पुन्हा घाला. ऊर्जेचा आकडा आणि चित्र दोन्ही जपून ठेवा.

ते मुळातच ३७ अंश तापमान धरून सर्वांत कमी ऊर्जेची घडी शोधतं. सूडोनॉट त्याला दिसत नाही. दूरदूरचे भाग एकमेकांना येऊन टेकतात ते त्याला कळत नाही. एस२एमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण २००५ मध्ये सार्सच्या एस२एमची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तिच्यात घडी तीक्ष्ण वाकलेली आहे आणि दूरची अक्षरं एकमेकांना धरून आहेत. आणि २०२० मध्ये एनएमआरने सार्स-कोव्ह-२ ची हीच घडी तपासली तेव्हा जोड्यांचा आराखडा त्या स्फटिकापेक्षा वेगळा निघाला. दोनच अक्षरांचा फरक असलेल्या दोन घड्या! म्हणून एकाच चित्रावर मत बनवू नका. आजूबाजूची ५० अक्षरं घेऊन घडी घाला, मग १०० घेऊन. जी जोडी प्रत्येक वेळी दिसते तिच्यावर विश्वास ठेवा, जी खिडकी बदलली की पळते तिच्याबद्दल गप्प राहा.

शक्य असेल तिथे रासायनिक तपासणीचे निकाल पाहा. शेप आणि डीएमएस या पद्धतींत रसायन मोकळ्या अक्षरांना चिकटतं, जोडीत अडकलेल्यांना सहसा चिकटत नाही. संसर्ग झालेल्या पेशींतल्या सार्स-कोव्ह-२ वर हे काम २०२० पासून झालेलं आहे आणि त्याची माहिती खुली आहे.

सहावी पायरी : किती नमुन्यांत, आणि किती वेळा?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक बदल लाखो नमुन्यांत असू शकतो आणि तरी तो एकदाच झालेला असू शकतो. पूर्वजात झाला, मग वंशजांनी वारशाने घेतला.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सी२४१टी. पाचव्या घडीच्या एका फांदीला सहा अक्षरांचा फास आहे, यू-यू-यू-सी-जी-यू, जागा २३८ ते २४३. त्यातला चौथा सी यू झाला. असा फास कोरोना घराण्यात पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणजे नाव घेण्यासारखी जपलेली जागा. २०२० च्या मध्यापर्यंत हा बदल जगभर पसरला. इतकं पाहून ‘या घडीतल्या बदलाने विषाणू जोमदार झाला’ असं लिहिणं किती सोपं! पण तो एकटा पसरला नाही. त्याच्यासोबत ३,०३७, १४,४०८ आणि २३,४०३ या जागांचे बदल होते, आणि २३,४०३ चा बदल म्हणजे स्पाइकमधला प्रसिद्ध डी६१४जी. धावत्या गाडीत चौघे बसलेले आहेत, गाडी कोण चालवतंय हे नुसतं गाडी कुठवर पोहोचली ते पाहून सांगता येत नाही.

म्हणून आपला बदल वंशवृक्षावर किती वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे उगवला ते मोजा. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेलं अशर हे नमुने वंशवृक्षावर बसवणारं साधन आणि त्याचं झाड यासाठी उपयोगी आहे. झुरिकच्या ईटीएचचं कोव्ह-स्पेक्ट्रम कुठला बदल कुठल्या शाखेत, कुठल्या काळात दिसला ते पटकन दाखवतं. डेल्टाचं २९,७४२ तिथे टाकून पाहा. नमुन्यांचा डोंगर दिसेल, पण डोंगर बहुतेक एकाच कुळाचा. स्वतंत्र फांद्यांची मोजणी मात्र तुम्हाला निवडीबद्दल काहीतरी सांगते.

सोबत्यांची यादीही लिहा. प्रत्येक वेळी.

सातवी पायरी : बदलाने काय मोडलं असतं?

इथे चौकट सरकवणारा भाग घ्या, कारण विषाणू किती तंग जागेत राहतो ते तिथे दिसतं. कोरोना विषाणूंमध्ये चौकट सरकते हे केंब्रिजमध्ये ब्रायर्ली आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये कोंबड्यांच्या ब्राँकायटिसच्या विषाणूत दाखवलं. १३,४६२ ते १३,४६८ वर यू-यू-यू-ए-ए-ए-सी ही निसरडी जागा आहे. पुढच्या गाठीवर रायबोसोम अडखळतो आणि काही वेळा एक अक्षर मागे सरकून शेवटचा सी पुन्हा वाचतो. न सरकलेला रायबोसोम थोड्याच अंतरावर १३,४८१ ते १३,४८३ वरच्या यू-ए-ए या थांब्यावर थांबतो. सरकलेल्याला तीच अक्षरं जी-यू-ए, ए-जी-यू अशी दिसतात, म्हणजे व्हॅलिन आणि सेरिन, आणि तो पुढे जाऊन आरएनएची नक्कल करणारं विकर बनवतो. सरकणं बंद झालं तर ते विकरच बनणार नाही.

वहीत १३,४७७ ते १३,४८४ लिहा : जी-जी-यू-जी-यू-ए-ए-जी. त्याखाली १३,४९५ ते १३,५०२ उलट्या क्रमाने लिहा. आठही जोड्या लागतात, आणि तो थांबा त्या दांड्याच्या आतच बसलेला आहे. एकाच अक्षराला तीन मालक : थांबा, दांडा आणि दुसऱ्या चौकटीतलं प्रथिन. सार्स आणि सार्स-कोव्ह-२ मध्ये या संपूर्ण भागात एकाच अक्षराचा फरक आहे, १३,५३३ वर सी ऐवजी ए. इथे एखादा बदल दिसला तर माझा पहिला प्रश्न ‘वाचनातली चूक तर नाही ना’ हाच असतो.

शेपटीकडे असे तीन मालक नाहीत. म्हणून तिथल्या बदलांना दुसरी फूटपट्टी लावा. बीए.२ मधून एस२एमचा मोठा भाग गेला. पुढे आलेल्या एक्सबीबी आणि जेएन.१ या शाखा बीए.२ च्याच वंशातल्या, म्हणून त्यांनाही ही गळती वारशाने मिळाली. माणसांत विषाणू पसरत राहिला. २०२३ मध्ये संशोधकांनी सार्स-कोव्ह-२ मधून एस२एम मुद्दाम काढून टाकलं, तेव्हा पेशींमध्ये आणि हॅमस्टरमध्ये विषाणूचं फारसं काही अडलं नाही. उंदरांच्या कोरोना विषाणूत याच्या जवळचा चंचल भाग २००७ मध्ये काढून पाहिला होता. पेशींत वाढ झाली, पण उंदरांमध्ये आजाराची तीव्रता कमी झाली.

जपलेलं म्हणजे आवश्यक, हे समीकरण मी मनातून काढून टाकलं ते या निकालांमुळे. घडी दूरच्या विषाणूंकडून आडमार्गाने आलेली असू शकते. एका यजमानात उपयोगी आणि दुसऱ्यात निरुपयोगी असू शकते. हॅमस्टरच्या पिंजऱ्यात न दिसणारा फरक वटवाघळांच्या गुहेत दिसत असेल. तुमच्या टिपणात ‘ही घडी जपलेली आहे’ आणि ‘ही घडी आवश्यक आहे’ ही दोन वाक्यं वेगळी लिहा, आणि दुसऱ्या वाक्याखाली कुठल्या पेशीत, कुठल्या प्राण्यात प्रयोग झाला ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सरावासाठी एक

आतापर्यंत आपण असलेली घडी किंवा खूण बिघडताना पाहिली. आता उलटं करून पाहा. बी.१.१ या शाखेत न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाच्या जनुकात २८,८८१ ते २८,८८३ ही लगतची तीन अक्षरं जी-जी-जी ची ए-ए-सी झाली. प्रथिनात २०३ आणि २०४ ही दोन अमिनो आम्लं बदलली आणि बहुतेक चर्चा त्यांचीच झाली.

संदर्भ जीनोममधून २८,८८० ते २८,८८७ काढा : ए-जी-जी-जी-जी-ए-ए-सी. त्यातली दुसरी, तिसरी आणि चौथी अक्षरं बदला. मग पहिल्या पानावर ७० ते ७५ च्या पत्त्याशेजारी काय लिहिलं होतं ते पाहा आणि २८,८८२ पासून सहा अक्षरं वाचा.

ए-सी-जी-ए-ए-सी. उडी मारण्याची खूण, जनुकाच्या मध्यावर, जिथे ती आधी नव्हती. आणि ती नुसती कागदावर राहिली नाही : या शाखेच्या नमुन्यांत या नव्या खुणेवरून उडी मारून तयार झालेले छोटे आरएनए संशोधकांना सापडले आहेत.